रस्त्यांना नावं नसलेल्या शहरात पायी: टोकियो

पाऊलखुणा

टोकियोत येऊन मला आता पाच वर्षं होतील. घर एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला. इथे रस्त्यात मराठी कानावर पडतं, मेथी मिळते, कढीपत्ता मिळतो. त्यामुळे पहिलं वर्ष मी घर, स्टेशन आणि वाणसामानाचं दुकान एवढ्यातच काढलं. बाहेर पडले तरी भुयारी रेल्वेने. शहर म्हणजे मला स्टेशनांची माळ वाटायची. एका जिन्याने जमिनीखाली उतरायचं, दुसऱ्या जिन्याने वर यायचं. मधे काय आहे, कोण राहतं, काही पत्ता नाही.

चालायला लागले ती एका पत्त्यामुळे. भाषेच्या वर्गाचा पत्ता बाईंनी कागदावर लिहून दिला होता: मोहल्ल्याचं नाव आणि पुढे तीन आकडे. फोनवरचा ठिपका मला एका इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी नेऊन सोडत होता आणि दार काही सापडत नव्हतं. तेव्हा कोपऱ्यावरच्या तोफूवाल्या आजोबांना विचारलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं, ओले हात पुसले, कागदाच्या पाठीवर नकाशा काढला आणि तरीही समाधान झालं नाही म्हणून मला दारापर्यंत सोडून आले. दुकान उघडंच टाकून.

त्या दिवशी घरी येऊन ही पत्त्यांची पद्धत समजून घेतली. आपण पत्ता रस्त्यावरून सांगतो. इथे मोठे हमरस्ते सोडले तर रस्त्याला नावच नसतं. नाव असतं ते रस्त्यांनी वेढलेल्या जमिनीच्या तुकड्याला. वॉर्ड, वॉर्डात मोहल्ला, मोहल्ल्यात चोमे म्हणजे आकडे दिलेले भाग, चोमेत ठोकळा, ठोकळ्यात घराचा आकडा. १९६२ च्या कायद्यानंतर हे आकडे ठोकळ्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने द्यायला लागले. म्हणून २ नंबरचं घर आणि ११ नंबरचं घर पाठीला पाठ लावून उभी असू शकतात आणि दारं मात्र वेगवेगळ्या गल्ल्यांत उघडतात. जिथे ही पद्धत पोचली नाही तिथे अजून जुने जमिनीचे नंबर चालतात, आपल्या सर्व्हे नंबरासारखे, आणि ते ओळीने असतीलच असं नाही. रस्ता हा इथे दोन तुकड्यांमधली मोकळी जागा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की शहर वेगळं दिसायला लागतं. मी विजेच्या खांबांवरच्या पट्ट्या वाचत चालायला शिकले, कारण चोमे आणि ठोकळ्याचा आकडा तिथेच लिहिलेला असतो.

तेव्हापासून दर बुधवारी चालते. आधी घराजवळ, अराकावाच्या बांधावर. ही एवढी रुंद नदी माणसांनी खणलेली आहे हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. १९१० च्या महापुरानंतर हा कालवा खणायला घेतला आणि १९२४ मध्ये त्यात पाणी सोडलं. बांधावर उभं राहिलं की एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला आपली वस्ती दिसते, आणि वस्ती पाण्यापेक्षा खाली आहे हे डोळ्यांनीच कळतं. एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये पुराचा जो नकाशा घरोघरी वाटला त्यात आमच्या भागावर सरळ लिहिलं होतं, ‘इथे थांबून चालणार नाही’. तो नकाशा माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे.

मग लांब जायला लागले. सगळ्यात जीव जडला तो यानाकावर. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले या दोन्हींतून हा भाग बराचसा वाचला, त्यामुळे जुन्या गल्ल्यांचं जाळं तसंच राहिलं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं एवढ्या अरुंद गल्ल्या. अंगण नाही, म्हणून दारासमोर कुंड्यांची रांग. गल्लीत एक घर पुढे आणि एक मागे सरकलेलं दिसतं, त्यालाही कारण आहे. चार मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर नवं घर बांधायचं तर रस्त्याच्या मध्यापासून दोन मीटर मागे सरकावं लागतं. म्हणजे कुठलं घर पाडून नव्याने बांधलंय हे चालता चालता कळतं. पुढे आलेलं असतं ते जुनं. पुढे आलेली घरं दर वर्षी कमी होत चालली आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

एका जुलैच्या संध्याकाळी तिथे एक आजी बादलीतलं पाणी लाकडी पळीने दारासमोर शिंपत होत्या. ‘उचिमिझु’ म्हणतात त्याला. धूळ बसते, जमीन निवते. मी थांबून बघत राहिले. सडा! माझ्या आजीचा हात असाच मनगटातून वळायचा. मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं की आमच्याकडेही असं करतात, पण सकाळी आणि वर रांगोळी. ‘रांगोळी’ समजावता समजावता मी बोटाने ओल्या जमिनीवर ठिपके काढले. आजी खाली बसल्या आणि ठिपके जोडायला लागल्या.

परक्या माणसाने चालावं असं हे शहर आहे, असं मला मनापासून वाटतं. कोणी अडवत नाही, कोणी टक लावून बघत नाही, वाट चुकली तर विचारायला कोपऱ्याकोपऱ्यावर पोलिसांचं ‘कोबान’ आहे, भिंतीवर त्या भागाचा मोठा नकाशा लावलेला असतो. ज्या शहरात रस्त्यांना नावं नाहीत तिथे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि विचारण्यातूनच माझी इथली सगळी ओळखपाळख झाली. तुम्ही टोकियोत चालला असाल तर लिहा. कुठे चाललात, काय दिसलं?

जुना_वाटसरू

छान लिहिलंय. मी १९९४ ते १९९७ तिथे होतो, कंपनीच्या वसतिगृहात. तेव्हा फोनवर नकाशे नव्हते, दोन भाषांतली एक जाड नकाशावही दप्तरात असायची. एक गोष्ट नवीन माणसांसाठी सांगतो. स्टेशनाबाहेर जो परिसराचा फलक असतो त्यात उत्तर दिशा वर असेलच असं नाही. तुम्ही फलकाकडे तोंड करून उभे आहात, तर तुमच्या समोरची दिशा वर असते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिले काही महिने मी नेमका उलटा चालत असे.

२० मार्च १९९५, सोमवार. भुयारी रेल्वेत सारिन हे विषारी रसायन सोडलं तो दिवस. माझी गाडी अर्ध्या तासाने मागची होती. त्यानंतर कित्येक आठवडे मी दोन स्टेशनं आधी उतरून चालत ऑफिसला जायचो. खाली उतरताना छाती धडधडायची. मी टोकियोत चालायला लागलो ते असं, भीतीने. पण वसंत ऋतू होता. राजवाड्याच्या खंदकाच्या कडेने चालताना आधी नुसत्या काड्या, मग फुलं, मग पाण्यावर पाकळ्यांचा थर, हे सगळं त्याच काही आठवड्यांत पाहिलं. दोन्ही आठवणी आता वेगळ्या करता येत नाहीत.

रस्त्यात कचऱ्याच्या पेट्या दिसत नाहीत असं नवीन लोक म्हणतात, त्याची सुरुवात त्या हल्ल्यानंतर झाली. पेट्या काढल्या त्या बऱ्याच ठिकाणी परत आल्याच नाहीत. खिशात एक पिशवी ठेवा, कचरा घरी घेऊन जा.

शनिवारपेठी

पत्त्यांचं वाचून मजा वाटली, कारण पुण्यात पेठांमध्ये आम्ही हेच करतो. घर नंबर आणि पेठेचं नाव, झाला पत्ता. शेजारच्या घराचा नंबर पुढचाच असेल याची खात्री नाही. मग अमक्या मारुतीच्या मागे, तमक्या वाड्याच्या बोळात असं विचारत जायचं. पोस्टमन तेवढा पाठ करून असायचा.

सगळ्या जपानात मात्र असं नाही हं. क्योतोत रस्त्यांना नावं आहेत आणि पत्ता चौकावरून सांगतात: अमुक आणि तमुक रस्ता मिळतो तिथून ‘वर’ म्हणजे उत्तरेला, ‘खाली’ म्हणजे दक्षिणेला.

आंबेमोहर

पाऊलखुणा, तू सड्याचं लिहिलंस आणि मला आईची आठवण झाली. आई ६८ वर्षांची असताना कराडहून तीन महिने माझ्याकडे येऊन राहिली. मी दिवसभर कामाला. तिला म्हटलं, लांब जाऊ नकोस, चुकशील. तिने माझं ऐकलं नाही. सकाळी नऊवारी नेसून, पायात माझे बूट घालून निघायची. खूण काय ठेवायची, तर वळणावरची कुंडी. निळ्या कुंडीला उजवीकडे, तुटक्या पाळीच्या कुंडीला डावीकडे. रस्त्यांना नावं नाहीत याचं तिला काहीच वाटलं नाही, कारण गावातल्या गल्लीला तरी कुठे नाव होतं.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की जवळच्या लहानशा देवळापाशी तिची तीन बायकांशी मैत्री झाली आहे. ती मराठीत बोलायची, त्या जपानीत. त्या तिला संत्री द्यायच्या, ती त्यांना शेंगदाण्याचे लाडू. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे मला आईनेच सांगितलं. कसं कळलं, विचारलं तर म्हणाली, गुडघ्याचं दुखणं कळायला भाषा लागत नाही.

आणखी एक. आमच्या वॉर्डात संध्याकाळी पाच वाजता खांबांवरच्या भोंग्यांतून लहान मुलांच्या गाण्याची धून वाजते. भूकंप-पुराच्या सूचना देण्याची जी यंत्रणा आहे ती चालू आहे ना, याची रोजची तपासणी. मुलांना घरी जायची वेळ कळते हा दुसरा उपयोग. आई पहिल्यांदा ऐकून म्हणाली, “दिवेलागणीची आठवण करतात होय? चांगली पद्धत आहे.” धून वाजली की जिथे असेल तिथे हात जोडायची आणि घराकडे वळायची. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. पाच वाजले की मी अजून थांबते.

पाऊलखुणा

आंबेमोहर, आता काय लिहू. आज पाच वाजता मीही थांबेन.

चिंचपाणी

वाचतेय. मी नोव्हेंबरमध्ये आठ दिवसांसाठी एकटी येणार आहे, पहिलाच परदेश प्रवास. रात्री चालायला भीती नाही ना? आणि मी शाकाहारी आहे.

तिठा

चिंचपाणी, मी इथे सहा वर्षं एकटी राहते. कामावरून निघायला रात्रीचे अकरा होतात, शेवटची गाडी साडेबाराच्या आसपास, तिथून घर वीस मिनिटं पायी. मला कधी त्रास झालेला नाही. अगदी प्रामाणिकपणे सांगायचं तर पुण्यात ज्या वेळी मी रिक्षातही बसले नसते त्या वेळी इथे चालते. पण ‘काहीच होत नाही’ असं समजून येऊ नकोस. निवांत गल्ल्यांत छेडछाडीपासून आणि पर्स हिसकावणाऱ्यांपासून सावध राहा असे पोलिसांचे फलक आहेत, ते उगाच लावलेले नाहीत. उजेडाच्या रस्त्याने जा, दोन्ही कानांत गाणी लावू नकोस. शिंजुकूच्या काबुकिचो या बार-क्लबांच्या वस्तीत रात्री दलाल मागे लागतात, “चला, चांगली जागा दाखवतो” म्हणतात. त्यांच्याशी बोलायचंच नाही, चालत राहायचं. काही वाटलं तर सरळ कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात शिर.

खाण्याचं अवघड आहे. दिसायला शाकाहारी असलं तरी रसात माशाचा अर्क असतो. आत खारवलेलं आंबट उमे फळ घातलेला भाताचा त्रिकोण मिळतो, त्यावर माझे पहिले दोन महिने गेले. पिशवीत मेतकूट आण.

आणि हो, लाल दिव्याला थांब. रस्ता दोन्हीकडे मोकळा, रात्रीचा एक वाजलेला, तरी माणसं थांबलेली असतात. हिरवा लागला की काही सिग्नल कोकिळेसारखे आवाज करतात, काही चिमणीसारखे चिवचिवतात. ज्यांना दिसत नाही त्यांना कुठल्या दिशेचा रस्ता सुटला हे त्यावरून कळतं. पायाखालच्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशाही त्यांच्यासाठीच. त्या पहिल्यांदा १९६७ मध्ये ओकायामात बसवल्या. आता आपल्याकडे मेट्रो स्टेशनांत दिसतात त्या तिथूनच आलेल्या. त्यांवर उभं राहून फोटो काढू नकोस, सामान ठेवू नकोस, एवढं नक्की लक्षात ठेव.

निवडुंग

धागा सुंदर आहे म्हणूनच लिहितोय. पाऊलखुणा, ‘कोणी अडवत नाही’ हे तुमच्या बाबतीत खरं असेल. माझ्या बाबतीत नाही.

मी नऊ वर्षं इथे आहे. रंगाने सावळा, दाढी ठेवतो, संध्याकाळी पाठीला सॅक लावून चालतो. मला रस्त्यात आतापर्यंत सात वेळा पोलिसांनी थांबवलंय. पहिल्या वेळी वाटलं, कामाचा भाग आहे, असू दे. परदेशी नागरिकाने रहिवासाचं कार्ड कायम जवळ बाळगायचं आणि पोलिसांनी मागितलं तर दाखवायचं, हा कायदाच आहे. सातव्या वेळी मुलगी बरोबर होती. सहा वर्षांची. स्टेशनाबाहेर, ऐन गर्दीच्या वेळी. बोलणं सभ्य होतं, आवाज चढलेला नव्हता, वाकून माफीही मागितली. पण बाजूने शंभर माणसं जात होती आणि त्यांतलं कोणी थांबवलं गेलं नाही. मुलगी जन्मली इथे, बोलते इथलं, माझ्यापेक्षा चांगलं. घरी येताना तिने विचारलं, “बाबा, आपण काय केलं होतं?”

मी एकटाच आहे असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी मूळ असलेल्या तिघांनी याच कारणासाठी टोकियोच्या न्यायालयात दावा दाखल केला. दिसण्यावरून थांबवणं बंद करा, एवढंच त्यांचं मागणं.

नवीन येणाऱ्या मुलांना सांगतो: कार्ड घरी विसरू नका. पर्यटक असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा, हॉटेलात ठेवून फिरू नका. आवाज चढवू नका, पण कशासाठी थांबवलं हे शांतपणे विचारा. बॅग उघडून दाखवणं हे कायद्याने ऐच्छिक आहे, तुम्ही नाही म्हणू शकता. प्रत्यक्षात नाही म्हटलं की अर्धा तास जातो, हेही खरं.

मी चालणं सोडलेलं नाही. आवडतं म्हणूनच सोडलेलं नाही.

पाऊलखुणा

निवडुंग, तुमचा प्रतिसाद कालपासून तीनदा वाचला. ‘कोणी अडवत नाही’ हे मी माझ्यापुरतं लिहायला हवं होतं. मी बाई आहे, बहुतेक दिवसा चालते, हातात भाजीची पिशवी असते. त्याच रस्त्यावर तुम्हाला जे दिसतं ते मला दिसलं नव्हतं. रात्री नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “दोनदा झालंय, तुला उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही.” चार वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मूळ लेखनातलं ते वाक्य खोडत नाही, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला तुमचा प्रतिसाद कशावर होता ते कळेल. मुलीला काय उत्तर दिलंत?

निवडुंग

“काही नाही केलं,” एवढंच म्हणालो. मग तिला घेऊन पुढच्या चौकापर्यंत गेलो आणि आइस्क्रीम घेतलं, त्याच रस्त्यावर उभं राहून खाल्लं. घरात जाऊन खायचं नव्हतं मला.

ओढ्याकाठी

मी सहसा नुसता वाचतो. पण टोकियोतल्या चालण्याचा विषय निघाला आणि ११ मार्च २०११ च्या भूकंपाचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो.

शुक्रवार होता. दुपारी पावणेतीनला धक्का बसला तेव्हा मी ओतेमाचीत, शहराच्या मध्यातल्या ऑफिसांच्या भागात, चौदाव्या मजल्यावर होतो. समोरच्या उंच इमारती वाऱ्यावर उसाने झुलावं तशा झुलत होत्या. तासाभराने खाली उतरलो. सगळ्या गाड्या बंद, फोन लागत नाही. घर निशिकासाईला, बायको आणि दीड वर्षाची मुलगी घरी. रोज पंचवीस मिनिटांत गाडीने जाणारा मी, वर जमिनीवरून घर कोणत्या दिशेला आहे हे मला सांगता येत नव्हतं. पाऊलखुणा यांनी ‘स्टेशनांची माळ’ म्हटलंय, अगदी तेच. शेवटी स्टेशनांची नावं आठवत निघालो. निहोंबाशी, कायाबाचो, मोंझेन-नाकाचो, किबा, तोयोचो. वर रस्त्यावर ती नावं फलकांवर दिसली की बरोबर चाललोय असं समजायचं.

फुटपाथवर माणसांची न तुटणारी रांग. कोणी धक्काबुक्की करत नव्हतं, कोणी बोलतही नव्हतं. फक्त बुटांचा आवाज. ऑफिसातून दिलेली हेल्मेटं डोक्यावर. उंच टाचांच्या चपला हातात घेऊन बायका चालल्या होत्या. सार्वजनिक टेलिफोन फुकट केले होते, त्यांच्यासमोर रांगा. दुकानांत भात-पाव काही उरलेलं नाही. एका शाळेचं दार उघडं होतं आणि बाहेर एक शिक्षक पाणी आणि संडासाची सोय आहे असं ओरडून सांगत होते. एइताई पुलावर सुमिदा नदी ओलांडताना पुन्हा धक्का आला. सगळे थांबले. कठडा धरला. हादरे थांबल्यावर रांग जिथे तुटली होती तिथून पुन्हा चालू झाली.

किबाच्या पुढे मला एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, कुठे जायचंय. सांगितलं. तेही कासाईचे. मग बरोबर चाललो. त्यांनी मला त्यांच्या पिशवीतली एक उबदार पट्टी दिली, खिशात ठेवायची. त्यांची आई ९ वर्षांची असताना १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्याच्या आगीतून याच भागातून पळाली होती. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. “काल त्याला ६६ वर्षं झाली,” ते म्हणाले. पुढे आम्ही फारसं बोललो नाही. अराकावावरचा पूल लांब आहे आणि त्या रात्री वारा फार होता. साडेनऊला घरी पोचलो. बायको खालच्या मजल्यावरच्या जपानी कुटुंबाकडे बसली होती, मुलगी त्यांच्या आजीच्या मांडीवर झोपलेली. नाव आजही माहीत नाही, त्यांना मी ‘खालच्या आजी’च म्हणतो.

त्या दिवशी टोकियो आणि आसपास मिळून सुमारे ५१ लाख माणसं घरी पोचू शकली नाहीत, असा सरकारी अंदाज आहे. त्यानंतर २०१३ मध्ये शहराचा नियम लागू झाला: मोठा भूकंप झाला तर कंपन्यांनी माणसांना लगेच घरी धाडायचं नाही, तीन दिवस पुरेल एवढं पाणी आणि अन्न ऑफिसात ठेवायचं. कारण लाखो माणसं एकाच वेळी रस्त्यावर आली तर रुग्णवाहिका आणि आगीचे बंब जाऊ शकत नाहीत. म्हणजे आम्ही त्या रात्री चाललो ते चूकच होतं. तरी मुलगी घरी असेल तर मी पुन्हा चालेन.

इथे राहणाऱ्यांना एकच विनंती. घर ते ऑफिस हा रस्ता एकदा तरी पूर्ण पायी चाला, उजेडात. ऑफिसात जुने बूट ठेवा.

पाऊलखुणा

नवऱ्याला वाचायला दिलं. त्याचंही ऑफिस ओतेमाचीलाच. येत्या रविवारी आम्ही दोघं तिथून घरापर्यंत चालणार आहोत, तुम्ही सांगितलेल्या नावांच्या क्रमाने.

मोडीवाचक

यानाकाच्या दफनभूमीतून गेला असाल तर थडग्यांमागे उभ्या केलेल्या उंच लाकडी पट्ट्या पाहिल्या असतील. त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात, म्हणजे आपला ‘स्तूप’ शब्द चीनमार्गे प्रवास करून आलेला. पट्टीच्या वरच्या भागातली अक्षरं जपानी नाहीत, सिद्धम् लिपीतली आहेत. ब्राह्मीच्याच वंशातली, म्हणजे नागरीची चुलत बहीण. वरून खाली पाच अक्षरं: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. सगळ्यात खालचं ‘अ’ शोधून बघा. आपल्याकडून निघालेली अक्षरं कित्येक शतकं तिथे मृतांच्या उशाशी उभी आहेत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या दफनभूमीत दोन तास होतो.

अशी ओळखीची माणसं त्या शहरात बरीच भेटतात. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या बेटावर बेंतेन आहे, ती सरस्वती. जपानात बहुतेकदा तिच्या हातात वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य दाखवतात. त्सुकिजीचं होंगानजी मंदिर बघा. जुनं मंदिर १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेलं. नवं १९३४ मध्ये इतो चुता या वास्तुकाराने बांधलं. तो भारत फिरून आला होता. दर्शनी भागावरची पिंपळपानी कमान पाहिल्यावर कार्ल्याचं लेणं पाहिलेल्या माणसाला कोणी काही समजावून सांगायची गरज नाही.

आणि असाकुसाच्या उत्तरेला, सुमिदाच्या काठाने दहा-पंधरा मिनिटं चालत गेलं की एका लहान टेकडीवर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. तिथला देव म्हणजे गणपती. तिथे त्याला शोदेन किंवा कांगितेन म्हणतात, जुन्या ग्रंथांत ‘बिनायाका’ असंही नाव येतं. मूर्ती कायम झाकलेली, कोणाला दाखवत नाहीत. आणि त्याला मोदक नाही, मुळा वाहतात. अख्खा पांढरा जाडजूड मुळा. पायऱ्यांवर, कंदिलांवर एकमेकांत गुंतलेल्या दोन मुळ्यांची नक्षी आहे.

पाऊलखुणा

मोडीवाचक, या बुधवारी जाऊन आले. फोन पिशवीतच ठेवला आणि असाकुसापासून विचारत गेले. तिघांना विचारलं. पहिल्याला माहीत नव्हतं, तो स्वतः ओसाकाचा पाहुणा निघाला. दुसऱ्या बाईंनी नदीकडे हात केला. तिसरी, शाळेचा गणवेश घातलेली मुलगी, “मुळ्याचं देऊळ ना?” म्हणाली आणि पायऱ्यांपर्यंत आली.

देवळातच मुळे विकायला ठेवलेले असतात. एक घेतला. तान्ह्या बाळाएवढा जड, तसाच दोन्ही हातांत धरून आत गेले. समोर मुळ्यांची रास आणि मागे बंद दार. मूर्ती दिसत नाही हे माहीत होतं, तरी डोळे मिटून हात जोडल्यावर मला आमच्या घरचाच, शेंदराचा, डोळ्यांवर चांदीचे पत्रे असलेला दिसला. अथर्वशीर्ष हळू आवाजात म्हटलं. शेजारी उभे असलेले काका त्यांचं म्हणत होते, मी माझं.

निघताना मला प्रसादाचा मुळा मिळाला. देवापुढचे मुळे नंतर लोकांना वाटतात तिथे. तो काखोटीला मारून मी निहोंबाशीपर्यंत चालत आले. पुलावर महामार्गाची सावली पडलेली असते. १९६४ च्या ऑलिंपिकच्या आधी तो रस्ता पुलाच्या डोक्यावरून नेला, आता जमिनीखाली न्यायचं काम चालू आहे. जपानातल्या रस्त्यांची अंतरं जिथून मोजतात तो शून्याचा खिळा या पुलाच्या मधोमध आहे. रविवारी आम्ही ओतेमाचीहून निघू तेव्हा याच भागातून जाऊ. निवडुंग, तुम्ही आणि मुलगी येणार असाल तर सकाळी नऊला पुलापाशी थांबतो. ओढ्याकाठी, तुम्ही टोकियोत असाल तर तुम्हीही या.

निवडुंग

येतो. तिला विचारलं, ती सॅक भरायला पण लागली.

ओढ्याकाठी

मी आता नागपूरला असतो. एइताई पुलावर जरा थांबा माझ्यासाठी.

आंबेमोहर

पाऊलखुणा, मुळ्याला पाला होता का गं? टाकला नाहीस ना?

पाऊलखुणा

होता थोडा. पीठ पेरून केला.